कोऱ्या रकान्याचे काय करायचे?

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील डेंग्यूचा साप्ताहिक तक्ता आढावा बैठकीतून कोणीतरी मोबाइलवर टिपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिल्हाभरातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत होता. तक्ता खराच होता, कारण जिल्हा सर्वेक्षण कक्षात साथरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना तो मीच तयार केला होता. पण तो बैठकीपुरता होता. कोणत्या रकान्यात काय येते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असल्याने त्यावर खुलाशाची एक ओळही नव्हती. तक्त्यात एका तालुक्यासमोर शून्य होते आणि ते पाहून तिथल्या एका लोकप्रतिनिधींनी आपला तालुका डेंग्यूमुक्त असल्याचे सभेत सांगून टाकले. वस्तुस्थिती अशी होती की त्या तालुक्यातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांनी त्या आठवड्यात अहवालच पाठवला नव्हता आणि बेरजेच्या सूत्राने त्यांचे कोरे रकाने शून्य धरले होते.

आपल्या कार्यालयीन मराठीत 'निरंक' हा फार नेमका शब्द आहे. आरोग्य सेविका आठवडाभर घरोघर फिरली, तापाची चौकशी केली, रुग्ण आढळला नाही आणि तसे तिने कळवले, तर तिचा अहवाल निरंक होतो. म्हणजे त्या निरंकामागे कोणाचीतरी पायपीट असते. कोऱ्या रकान्यामागे काय आहे ते मात्र कळत नाही. सेविका रजेवर असेल, केंद्रात नेटवर्क नसेल, रुग्णांच्या गर्दीत नोंद करायला सवड मिळाली नसेल, आणि साथीच्या काळात हे शेवटचे कारण सर्वांत जास्त वेळा खरे असते. म्हणजे जिथे ताप सर्वांत जास्त, तिथलाच रकाना कोरा राहण्याचा संभव जास्त, आणि आमच्या तक्त्यात तेच ठिकाण सर्वांत निरोगी दिसत होते. त्या आठवड्यापासून मी कोऱ्या रकान्यात शून्य पडू देणे बंद केले आणि तिथे 'अहवाल अप्राप्त' असे लिहू लागले. ही माहिती बाहेरच्या लोकांपर्यंत नीट कशी पोहोचवावी याचा आमचा पुढचा सगळा प्रवास या दोन शब्दांपासून सुरू झाला.

आकडे बाहेर जाणारच असतील तर ते आपणच, त्यांच्या मर्यादांसह, दर आठवड्याला जाहीर करावेत, असा प्रस्ताव मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवला. सरांनी तो लगेच मान्य केला नाही. "अपुरी माहिती आपण स्वतःहून दिली आणि पुढच्या आठवड्यात ती बदलली, तर लोक म्हणतील की आकडे दडवले होते," असे ते म्हणाले. या भीतीला आधार होता. १६ जून २०२० रोजी राज्याने करोनाच्या नोंदींची जुळवणी करून आधीच्या दिवसांत झालेले, पण मोजणीत न आलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी एकूण संख्येत मिळवले. त्यांपैकी ८६२ मुंबईतले होते. ते मृत्यू जुने आहेत हे सांगितले गेले होते, तरी आलेखात त्या दिवसावर जो सुळका उभा राहिला त्याने लोक घाबरले आणि संशयही वाढला. मी सरांना एवढेच म्हणाले की त्या दिवशी लोकांना धक्का बसला, कारण आकडे बदलत असतात हे तोवर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्रकावर 'ही संख्या पुढील दोन ते तीन आठवडे बदलत राहील' असे लिहिलेले असेल, तर बदल हा खुलासा न राहता सवयीचा भाग होईल. सरांनी दोन दिवस विचार केला आणि परवानगी दिली, पण एक अट घातली: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय पत्रक बाहेर जायचे नाही. ती अट मला तेव्हा जाचक वाटली होती. तिची किंमत पुढे कळली.

पत्रक लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की आमचा एक आकडा कसा तयार होतो, हे मलाच बाहेरच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगता येत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून माहिती तीन वाटांनी येते. आरोग्य सेविका आणि सेवक लक्षणांवरून जी नोंद करतात ती एस, डॉक्टर तपासून जे संभाव्य निदान करतात ते पी आणि प्रयोगशाळेने ज्यावर शिक्का मारला ते एल. एप्रिल २०२१ पासून हे सगळे एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकीय पद्धतीने येऊ लागले आणि वेग वाढला. मात्र आजारी माणूस आणि त्याची नोंद यांतले अंतर संगणकाने मिटत नाही.

एखाद्या शेतमजूर बाईला बुधवारी ताप आला असे समजा. गुरुवार, शुक्रवार ती गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या-इंजेक्शन घेते. शनिवारी अंग मोडून येते, पण मजुरी बुडेल म्हणून ती दवाखान्यात जाणे लांबवते आणि सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जाते. तिथे रक्त घेतले जाते आणि नमुना सेंटिनल केंद्राच्या, म्हणजे डेंग्यूच्या चाचणीसाठी नेमून दिलेल्या, प्रयोगशाळेत पाठवला जातो. एलायझा या रक्तचाचणीच्या एका प्लेटीत ९६ खाचा असतात. आठ-दहा नमुन्यांसाठी पूर्ण प्लेट खर्ची घालणे परवडत नाही, म्हणून प्रयोगशाळा पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबते. निकाल शुक्रवारी येतो आणि नोंद व्हायला आणखी एक-दोन दिवस जातात. म्हणजे तिचा ताप माझ्या तक्त्यात येतो तेव्हा ती कदाचित पुन्हा कामावर गेलेली असते. त्यातही तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-वन आणि त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम ही चाचणी उपयोगाची ठरते. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी झाली तर डेंग्यू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. खासगी रुग्णालयांत बहुधा रॅपिड किट वापरले जाते आणि राष्ट्रीय कार्यक्रम त्या निकालाला पक्के निदान मानत नाही. त्यामुळे शहरातला डॉक्टर म्हणतो, माझ्या एकट्याच्या दवाखान्यात इतके डेंग्यूचे रुग्ण आहेत; आमचा तक्ता त्याहून कमी दाखवतो; आणि वाचणाऱ्याला दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे असे वाटते. खोटे कोणीच बोलत नसते. दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात आणि हे सांगण्याची जबाबदारी आमची असते, कारण दोन्ही मोजण्या कशा होतात ते आम्हाला ठाऊक असते.

या उशिराचा सर्वांत मोठा फटका आलेखाला बसतो. रुग्ण ज्या आठवड्यात आजारी पडले त्यानुसार आलेख काढला तर शेवटचे दोन आठवडे नेहमीच उतरलेले दिसतात, कारण त्या आठवड्यांतील बऱ्याच आजारी माणसांचे निकाल अजून वाटेत असतात. साथ ऐन भरात असतानाही आमचा आलेख ती ओसरल्याचे दाखवतो. नोंदीच्या तारखेनुसार आलेख काढला तर ही उतरण जाते, पण मग प्रयोगशाळेने ज्या दिवशी प्लेट चालवली त्या दिवशी उसळी आणि इतर दिवशी शांतता असे चित्र उभे राहते, ज्याचा डासांशी काहीही संबंध नसतो. मी आजारी पडण्याच्या तारखेचा आलेख निवडला आणि शेवटच्या दोन आठवड्यांचे स्तंभ भरीव न ठेवता तिरप्या रेघांनी दाखवून त्यांच्यावरच 'अपूर्ण' असे छापले.

हे आलेखातच का छापायचे, ते मला एका पत्रकाराने शिकवले. पहिले पत्रक काढण्यापूर्वी आम्ही जिल्ह्यातील बातमीदारांना बोलावले आणि नमुना त्यांच्यासमोर ठेवला. माझ्या नमुन्यात सगळे खुलासे तळाशी बारीक टायपात होते. एक ज्येष्ठ बातमीदार म्हणाले, "मॅडम, तुमची तळटीप आमच्या डेस्कपर्यंत पोहोचणार नाही. आलेख कापून लावला जाईल आणि चार आकडे दिलेत तर त्यांतला सर्वांत मोठा मथळ्यात जाईल." ते तक्रार करत नव्हते, आपले काम कसे चालते ते प्रामाणिकपणे सांगत होते. मी पत्रक पुन्हा लिहिले. आकडा आणि त्याची अट एकाच वाक्यात बसवली: किती नमुने तपासले, त्यांत किती जणांना डेंग्यू असल्याचे निश्चित झाले आणि किती आरोग्य केंद्रांचे अहवाल अजून यायचे आहेत. एक काढून घेतला तर वाक्य मोडेल अशी रचना केली. संशयित रुग्णांची संख्या स्वतंत्र परिच्छेदात, 'यांची तपासणी व्हायची आहे किंवा केवळ रॅपिड किटवर झाली आहे' या शब्दांसह दिली. निश्चित आणि संशयित यांची बेरज कुठेही दिली नाही. 'बाधित' हा शब्द गाळला, कारण करोनाच्या काळात तो इतक्या निरनिराळ्या अर्थांनी वापरला गेला की त्यातून आता काहीच नेमके कळत नाही.

पहिले चार आठवडे बरे गेले. पाचव्या आठवड्यात चूक झाली.

पत्रकात आम्ही ज्या गावांत निश्चित रुग्ण जास्त आढळले त्यांची नावे देत होतो. त्यामागचा हेतू उघड होता: गावकऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, पिंपे-हौद घासून पुसून घ्यावेत. त्या आठवड्यात एका गावाचे नाव गेले. नावामागे 'खुर्द' होते. महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द अशा जोडगावांची काय ती संख्या! रुग्णाने रुग्णालयात सांगताना नुसते गावाचे नाव सांगितले होते, नमुन्यासोबतच्या कागदावर तेवढेच लिहिले गेले होते आणि संगणकावरील यादीत दोन्ही नावे एकाखाली एक येत असल्याने नोंद करताना खुर्द निवडले गेले. हे एका रुग्णाच्या बाबतीत झाले नाही, त्या पट्ट्यातील जवळपास सगळ्याच नोंदींच्या बाबतीत झाले. तालुक्याकडून पत्रक तपासून यायचे होते, पण त्या दिवशी तालुका अधिकारी दौऱ्यावर होते, संध्याकाळ झाली होती आणि वर्तमानपत्रांची वेळ गाठायची म्हणून मी ते तसेच पाठवले.

चौथ्या दिवशी खुर्दचे सरपंच आबा कार्यालयात आले. सोबत गावच्या आशाताई होत्या आणि त्यांच्या हातात नोंदवही होती. आबा चिडलेले असतील असे मला वाटले होते, पण ते अगदी शांतपणे बोलले. "मॅडम, आमच्या गावात ताप नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ज्यांच्यावरून आकडा काढला ती माणसं आमच्या शिवेतली नाहीत. ताईंनी घरं मोजली आहेत." आशाताईंनी वही उघडून दाखवली. प्रत्येक घर, प्रत्येक ताप, तारीख. त्या वहीसमोर माझा संगणक उणा पडला. आठवडी बाजाराला त्या आठवड्यात बाहेरगावचे व्यापारी फिरकले नव्हते, हेही आबांनी सांगितले. पण मला अधिक लागले ते दुसरेच. आमच्याच पत्रकाच्या आधारे हिवताप विभागाचे पथक धूरफवारणीसाठी खुर्दला गेले होते, पाण्याच्या साठ्यांत अळीनाशक तिथे टाकले गेले होते, आणि नदीपलीकडे बुद्रुकमध्ये, जिथे खरे रुग्ण होते, चार दिवस कोणीही गेलेले नव्हते. चुकीच्या माहितीमुळे एका गावाची बदनामी झाली होती आणि दुसऱ्या गावात डासांना चार दिवस जास्तीचे मिळाले होते. त्या चार दिवसांत बुद्रुकमध्ये किती जणांना लागण झाली असेल हे कधीच सांगता येणार नाही आणि म्हणूनच ते मनातून जातही नाही.

दुरुस्ती कशी करायची यावर कार्यालयात दोन मते होती. पुढच्या पत्रकात योग्य गावाचे नाव घालावे, वेगळे काही लिहू नये, असे काहींना वाटत होते. मी सरांना इंग्लंडचे उदाहरण सांगितले. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला आढळले की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील करोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आलीच नाही, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या स्वरूपाच्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलच्या ओळी संपल्यावर पुढची माहिती गळत होती. त्यांना ते जाहीर करावे लागले. टीकाही झाली आणि ती योग्यच होती, कारण त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला होता. पण संख्या किती, कोणत्या दिवसांची आणि का सुटली, हे सांगितले गेल्यामुळे पुढच्या आकड्यांचा वापर करणे शक्य राहिले. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग पहिल्या पानावर, त्याच टायपात." आम्ही पुढच्या पत्रकाच्या माथ्यावर, ज्या आकारात खुर्दचे नाव छापले होते त्याच आकारात, काय चुकले, कशामुळे चुकले आणि बुद्रुकमध्ये आता काय काम चालू आहे ते लिहिले. दुरुस्तीची बातमी सगळ्यांनी छापली नाही. ज्यांनी छापली त्यांची कात्रणे आबांना पाठवली आणि खुर्दच्या ग्रामसभेत मी स्वतः जाऊन बोलले.

तेव्हापासून गावाचे नाव जाहीर करण्याआधी त्या गावच्या आशाताईंना आणि आरोग्य सेविकेला फोन करायचा, असा नियम आहे. फोनवर पाच मिनिटे जातात आणि त्या पाच मिनिटांत वहीतली बरीच माहिती कळते: रुग्ण गावात राहतो की शिक्षणासाठी पुण्याला असतो आणि तापात घरी आला आहे, एकाच माणसाची नोंद मराठी नावाच्या दोन इंग्रजी स्पेलिंगमुळे दोनदा झाली आहे का, ज्याला ताप आला तो ऊसतोडीहून नुकताच परतला आहे का. तालुका अधिकाऱ्यांची तपासणीही आता कोणत्याही घाईत वगळली जात नाही. त्यामुळे पत्रक कधी कधी एक दिवस उशिरा निघते.

आकडे कमी होण्याचा आनंद सांभाळून घ्यावा लागतो, हे मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिसले. जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च या काळात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याच सुमारास एचथ्रीएनटू इन्फ्लुएन्झाच्या बातम्या रोज येत होत्या. कंत्राटी असल्याने मी कामावर होते आणि माझ्या समोरच्या तक्त्यात फ्लूसदृश तापाचे रुग्ण झपाट्याने घटलेले दिसत होते. घटले होते ते अहवाल. त्या आठवड्याच्या पत्रकात मी रुग्णसंख्या दिलीच नाही. त्या जागी किती केंद्रांचे अहवाल आले एवढेच दिले आणि या आठवड्याची आधीच्या आठवड्याशी तुलना करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले. आकडा असूनही तो न देण्याचा निर्णय मी तेवढा एकदाच घेतला आहे. दिवाळीच्या आठवड्यात मात्र आकडा देतो, कारण तेव्हाची घट दरवर्षीची असते आणि मागील वर्षांचा दिवाळीचा आठवडा शेजारी ठेवला की ती लगेच ओळखू येते.

दर लाख लोकसंख्येमागे रुग्ण किती, हा प्रश्न पत्रकार आणि अभ्यासक दोघेही विचारतात. इथे आमच्याजवळचा भाजकच जुना आहे. शेवटची जनगणना २०११ ची. आमच्या जिल्ह्यात एमआयडीसीला लागून असलेले एक गाव त्या जनगणनेत लहान होते. आज तिथे चाळींच्या रांगा आहेत आणि परप्रांतांतून आलेले कामगार पाळ्यांनी एकेका खोलीत राहतात. जुन्या लोकसंख्येने भागले तर ते गाव जिल्ह्यात सर्वांत आजारी ठरते आणि त्याचा दोष लगेच कामगारांच्या माथी मारला जातो. गावपातळीचा दर आम्ही देत नाही. तालुक्याचा दर देतो तेव्हा भाजक कोणत्या वर्षाचा आहे ते त्याच ओळीत लिहितो.

बाहेरच्या लोकांना माहिती देण्याचा याहून अवघड भाग अभ्यासकांच्या मागणीने समोर आला. एका वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी रुग्णांची ओळीवार यादी मागितली. पाऊस आणि रुग्ण यांचा संबंध त्यांना तपासायचा होता. विषय चांगला होता आणि आमच्याकडे तो तपासायला माणसे नव्हती. नावे, फोन क्रमांक आणि पत्ते काढून यादी द्यावी, असे मला सुरुवातीला वाटले. मग मी ती यादी गावातल्या माणसाच्या नजरेने वाचून पाहिली. वय ७३, स्त्री, अमुक वाडी, तमुक तारखेला ताप. वाडीत पंचवीस घरे असतील तर यात नाव असण्याची गरजच काय! मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर विलगीकरणाचे शिक्के मारले गेले तेव्हा तसे शिक्के असलेल्या प्रवाशांना रेल्वेतून उतरवल्याच्या घटना घडल्या होत्या. आजाराची खूण माणसावर उमटली की लोक त्या माणसाचे काय करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा (डासांतून पसरणाऱ्या आणि गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या विषाणूचा) पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर इथे आढळला तेव्हा गावाचे नाव सांगणे आवश्यक होते, कारण तिथे डासनियंत्रणाचा आणि गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा कार्यक्रम तातडीने हाती घ्यायचा होता. पण गाव सांगितल्यावर वय आणि लिंग सांगितले की मागे झाकायला काही उरत नाही. गावाचे नाव सांगून लोक सावध होणार असतील तर गाव सांगावे आणि माणसाचा एकही तपशील देऊ नये, असे मी तेव्हापासून धरून चालते.

विद्यार्थ्यांसाठी आम्ही वेगळी यादी तयार केली. नेमक्या वयाऐवजी वयोगट, तारखेऐवजी आठवडा, वाडी-गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र. एखाद्या केंद्रात एका आठवड्यात पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर संख्या न देता 'पाचपेक्षा कमी' लिहिले. पहिल्या खेपेला माझ्याकडून इथे एक फट राहिली होती. तालुक्याची बेरीज मी पूर्ण दिली होती, त्यामुळे बाकीच्या केंद्रांचे आकडे वजा केले की झाकलेला आकडा आपोआप उघडा पडत होता. मार्गदर्शक प्राध्यापिकेनेच ते दाखवून दिले. तेव्हापासून एक आकडा झाकला की त्याच तालुक्यातला आणखी एक झाकावा लागतो. यादी तिसऱ्या कोणाला देणार नाही, इतर माहितीशी जोडून व्यक्ती ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी आम्हाला दाखवतील, असे लेखी घेतले. शेवटच्या अटीत 'दाखवतील' हा शब्द मी आग्रहाने ठेवला. मसुद्यात 'मान्यता घेतील' असे होते. आमच्या माहितीतील खोट आम्ही सांगावी, पण त्यांच्या निष्कर्षावर आमची मोहोर असू नये. झालेही तसेच. खासगी रुग्णालयांची नोंद ज्या तालुक्यांत चांगली आहे तिथेच पावसाचा संबंध ठळक दिसतो, असे त्यांना आढळले आणि ते आमच्या यंत्रणेला फारसे सोयीचे नव्हते. त्यांनी ते तसेच लिहिले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी संबंध असल्याचा संशय असलेला नसांचा आजार) रुग्ण आढळू लागले तेव्हा राज्याच्या दैनंदिन निवेदनांत संशयित आणि निदान निश्चित झालेले असे दोन आकडे वेगवेगळे दिले जात होते. आमच्या जिल्ह्यातही फोन सुरू झाले. एका बातमीदाराने विचारले, "संशयित एक की शून्य, एवढंच सांगा." मी म्हणाले की एक रुग्ण तपासणीत आहे, निदान व्हायचे आहे, गाव सांगणार नाही, कारण गावाच्या पाण्यात दोष असल्याचा पुरावा अजून नाही, तो मिळाला तर गाव मीच कळवीन. त्यांनी नेमके तेवढेच छापले. अडीच वर्षांपूर्वी बातमीदारांसोबत झालेल्या त्या पहिल्या बैठकीत तेही बसले होते.

मृत्यूंचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. डेंग्यूने मृत्यू झाला असे आम्ही डेथ ऑडिटनंतरच, म्हणजे समितीने मृत्यूचे कारण तपासल्यावरच, लिहितो. समितीपुढे केसपेपर यावे लागतात, खासगी रुग्णालयाकडून ते यायला आठवडे लागतात आणि तोवर ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यासाठी आमच्या पत्रकातले शून्य हा रोजचा अपमान असतो. मागच्या हंगामात एका गृहस्थांनी मला फोन करून विचारले, "ताई, माझा मुलगा तुमच्या कोणत्या रकान्यात आहे?" पुष्कळ वेळ मला उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या पत्रकापासून निश्चित मृत्यूंच्या शेजारी आम्ही आणखी एक रकाना ठेवला आहे: 'परीक्षण प्रलंबित'. त्यात कुटुंबाने किंवा रुग्णालयाने कळवलेला प्रत्येक मृत्यू कळवल्याच्या दिवशीच लिहिला जातो आणि समितीचा निर्णय झाल्यावर तो कुठे गेला तेही पुढच्या पत्रकात नोंदवले जाते. या रकान्यामुळे अफवा वाढतील असे वरिष्ठांपैकी काहींचे मत आहे आणि तो ठेवावा की काढावा यावर येत्या आढावा बैठकीत चर्चा होणार आहे. मी केसपेपरांच्या तारखा आणि प्रत्येक निर्णयाला लागलेले दिवस यांचा तक्ता तयार केला आहे. त्यात दोन रुग्णालयांसमोर अजून 'अप्राप्त' लिहिलेले आहे.